त्रान्सितोबाईंचं आमेन

त्रान्सितोबाईंचं आमेन इसाबाल तळ्याकाठच्या त्या गावात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. तिसऱ्या बाकावरून ते एकदा सुटलं की चर्चचं पत्र्याचं छप्पर दणाणायचं, मागोमाग अख्खी मंडळी गर्जायची आणि ढोलवाल्याचा ताल हमखास चुकायचा. पाळक ओविदियो यांचं प्रवचन तर त्या आमेनच्या आधारानेच पुढे सरकायचं. बाई नीट ऐकून आमेन म्हणतात की सवयीने, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. खुद्द बाईंनीही नाही.

शनिवारी त्याच आमेनने घात केला. त्या दिवशी पाहुणे आले होते, प्रेषित विल्मर. ही पदवी त्यांना कुणी दिली, हे विचारायची पद्धत नाही. पांढराशुभ्र सूट, टोकदार बूट, आणि माईक हातात आला की माणूस नुसता पेटायचा.

"वचनात लिहिलंय!" ते गरजले. "जो औषधाला हात लावतो त्याचा विश्वास मेला! उद्या आपापली औषधं घेऊन या आणि या निळ्या बादलीत ओता!"

बाईंनी नेहमीसारखं दणदणीत आमेन ठोकलं. पाठोपाठ मंडळीनेही ठोकलं.

रविवारी सकाळी त्या मक्याच्या रोट्या भाजत होत्या, तर नवरा फ्रिज उघडून उभा. आबेलिनोने इन्सुलिनची बाटली काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ए म्हाताऱ्या, ते घेऊन कुठे निघालास?"

"बादलीत ओतायला."

"डोकं फिरलंय का तुझं? नाताळात सुई चुकवलीस तेव्हा ट्रकमध्ये घालून नेलं होतं तुला हॉस्पिटलात! डोळे पांढरे झाले होते!"

"तेव्हा माझा विश्वास कमी पडला," आबेलिनो शांतपणे म्हणाला. "आणि तू कुणाला सांगतेस, म्हातारे? काल सगळ्यात मोठ्ठं आमेन कुणाचं होतं? तू म्हणालीस म्हणून मी ठरवलं. नाहीतर त्या पांढऱ्या कोंबड्याचं कोण ऐकतंय!"

तव्यावरची रोटी करपून काळी झाली तरी बाईंचा हात हलेना. आपल्या एका आमेनने आपलाच नवरा मरायला निघाला होता!

त्यांनी चुलीसमोरच बायबल उघडलं आणि ते वचन शोधायला सुरुवात केली. पुढून शोधलं, मागून शोधलं, पिठाच्या बोटांनी पानं पांढरी केली. सापडलं नाही. मग तशाच धावत त्या पाळकांच्या दारात गेल्या.

"पाळकसाहेब, त्या माणसाला थांबवा! असं वचनच नाही कुठे!"

ओविदियो कपाळ चोळत म्हणाले, "बाई, तो मोठा माणूस. रेडिओवर बोलतो. मी त्याच्यापुढे काय तोंड उघडू? आणि काल तुम्हीच तर..."

"हो, हो, मीच! माहितीये मला!" बाई कडाडल्या. घरी परतेपर्यंत त्यांच्या डोक्यात एक बेत मात्र शिजला होता.

उपासना भरली. गाणी झाली. बादलीत गोळ्यांची दोन पाकिटं आधीच पडली होती, आणि आबेलिनो खिशावर हात ठेवून पहिल्या बाकावर जाऊन बसला होता. मग नेहमीप्रमाणे पाळकांनी विचारलं, "साक्ष द्यायची संधी कुणाला हवी?" गाणं असो, साक्ष असो, वचन असो, मागेल त्याला संधी, ही त्या चर्चची रीतच. बाई ताडकन उठल्या. आवाज तोच, नेहमीचा.

"भावांनो, बहिणींनो! नहूम संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय नववा! 'जो आपली जुनी घागर फोडील, त्याचं अंगण मी गोड पाण्याने भरीन, असं परमेश्वर म्हणतो!'"

"आमेन!" छप्पर हाललं. सगळ्यांत वरचा आवाज प्रेषितांचा.

"जबरदस्त अध्याय!" ते हात उंचावून ओरडले. "याच अध्यायावर मी होंडुरासमध्ये प्रवचन केलंय! लोक रडले होते!"

"केलंत ना? मग उघडा!" बाई गर्रकन वळल्या. "सगळ्यांनी नहूम उघडा! नववा अध्याय काढा!"

पानांची फडफड सुरू झाली. मग कुजबुज. मग मागच्या बाकावरून कुणीतरी गोंधळून म्हणालं, "बाई, नहूम तीन अध्यायांतच संपतो."

"संपतोच! ती घागर माझ्या स्वयंपाकघरातली! ते वचन आज सकाळी मीच रचलं!"

बाईंचे डोळे भरून आले. "मी काहीही बरळले तरी तुम्ही आमेन म्हणालात. मीही काल तेच केलं. आता प्रेषितसाहेब, तुमचं कालचं औषधाचं वचन. पुस्तक सांगा, अध्याय सांगा. आम्ही उघडून बसलोय."

प्रेषितांनी रुमाल काढला. "बहिणी, ते मला आत्म्याने..."

"मग 'लिहिलंय' कशाला म्हणालात? लिहिलेलं मी दाखवते! शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो, कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात! लूकलाही टाकू का बादलीत?"

हशा फुटला आणि प्रेषितांचं तोंड सुटापेक्षा पांढरं पडलं. पण बाई हसत नव्हत्या. त्यांची नजर पहिल्या बाकावर खिळली होती. आबेलिनो उठला. बादलीकडे गेला. त्याने वाकून ती गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली, ज्यांची त्यांना दिली आणि बायकोजवळ येऊन पुटपुटला, "म्हातारे, सुई आणलीयेस का? सकाळपासून घेतली नाही. गरगरतंय."

सुई बाईंच्या पिशवीतच होती. प्रेषित कोणत्या दाराने गेले ते कुणी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी पाळक ओविदियो उभे राहिले, घसा खाकरून म्हणाले, "देव प्रीती आहे," आणि सवयीने थांबले.

आमेन आलंच नाही. सगळी मंडळी माना खाली घालून पानं उलटत होती. ओविदियोंना दरदरून घाम फुटला. "योहानाचं पहिलं पत्र," ते घाईघाईने म्हणाले, "चौथा अध्याय!"

तिसऱ्या बाकावर त्रान्सितोबाईंनी ओळीवर बोट ठेवलं, सावकाश वाचलं, शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही दाखवलं. मग छाती भरून श्वास घेतला, आणि ढोलवाल्याने आधीच कान झाकले.