मयेकरांचं नाक

"हा कसा आहे बघा," शालिनीने लोबानाचा खडा गुरुनाथसमोर धरला.

"छान आहे," गुरुनाथ म्हणाला.

खडा अजून त्याच्या नाकापासून हातभर लांब होता. शालिनीने तो क्षणभर तसाच धरून ठेवला, मग दुकानदाराच्या ताटात परत ठेवला.

जेद्द्याच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, ती दोघं सकाळपासून फिरत होती. गुरुनाथ मयेकर मूळचा मालवणचा. इथून उत्तरेला दोन तासांवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो पंपांच्या देखभालीचा सुपरवायझर होता. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती, पण शालिनी पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आली होती. सासूबाई होत्या तोवर तिला घर सोडता आलं नव्हतं. आल्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं, मला ते जुनं बंदर दाखवा. तिचे पणजोबा तांडेल होते, त्यांच्या गलबतातून यात्रेकरू इथं उतरायचे, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

बंदर आता लांब सरकलं होतं. मागे उरली होती ती प्रवाळी दगडांची चार-चार मजली घरं, भिंतीबाहेर आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या. मोठ्या रस्त्यावरची घरं रंगवून सजवलेली होती. पण आत शिरलं की गल्ली अरुंद होई, वरचे मजले एकमेकांकडे झुकत, आणि त्यांना लोखंडी टेकू लावलेले दिसत. दुपारच्या त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जाळीमागून कुणी बघतंय की काय, असं शालिनीला सारखं वाटत होतं. तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

खरं तर तिला खटकत होतं ते वेगळंच. परवा त्याच्या क्वार्टरमध्ये दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि हा शेजारच्या खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. ज्या माणसाला पंपाचं सील जळायला लागलं की मीटरच्या आधी कळायचं, तो. कारखान्यात म्हणे नवीन पोरांना सांगत, मशीन बिघडली तर आधी मयेकरचं नाक बोलवा. सुट्टीवर आला की गुरुनाथ हे स्वतःच चारचौघांत सांगायचा. ती इथं आल्यापासून त्याने ते एकदाही सांगितलं नव्हतं.

"भूक लागली का?" त्याने विचारलं. "बलीला म्हणून छोल्यांचा पदार्थ मिळतो, तो खाऊ. इथली खासियत आहे."

एका जुन्या घराच्या तळमजल्यावर पडवीएवढं दुकान होतं. मालकीणबाईंचं नाव उमामा. पन्नाशीची बाई, अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ती मोठ्या पातेल्यात छोले उकडत होती. तिने दोन वाडगे मांडले, लोणच्याच्या फोडी चिरल्या, व्हिनेगरची बाटली काढली. मग रोटी आणते, अशी खूण करून ती पलीकडच्या भट्टीकडे गेली. शालिनी समोरच्या नक्षीदार दरवाजाचा फोटो काढायला बाहेर गेली.

गुरुनाथ शेगडीजवळच्या स्टुलावर बसून राहिला. पातेलं उतू गेलं, पाणी खाली ओघळलं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, उकळण्याचा आवाज थांबलाय. वाकून पाहिलं तर ज्योत नव्हती. बाईने जाताना बंद केली असणार. वास तर नव्हता. छोले गार होतील, असं त्याला वाटलं. बंद पडलेलं काही दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. ओट्यावर लायटर होता. त्याने तो उचलला.

शालिनी उंबऱ्यात आली आणि वासाचा भपका तिच्या तोंडावर आदळला.

"अहो! लावू नकात! गॅस सुटलोहा!"

घाबरली की ती मालवणीवर यायची. गुरुनाथने वळून पाहिलं. त्याचा अंगठा लायटरवर होता आणि चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. तिने झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत गल्लीत आणलं. तिच्या ओरडण्याने उमामा रोट्या टाकून धावत आली. डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडावर दाबून आत शिरली, बटण फिरवलं, मागची खिडकी उघडली, सिलिंडर बंद केला. बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि छातीवर हात ठेवून देवाचे आभार मानत राहिली. मग तिने गुरुनाथकडे पाहिलं. एवढा वास सुटला असताना हा माणूस आत बसला कसा, हे तिला कळत नव्हतं.

शालिनीला ते कळलं होतं.

समोरच्या घराच्या दगडी कट्ट्यावर दोघं बसली.

"तुमका वास येणा नाय," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

गुरुनाथने लायटर कट्ट्यावर ठेवला. "मे महिन्यात ताप आला होता बघ. ताप गेला, त्याच्याबरोबर हे पण गेलं."

"नऊ महिने? डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. गेलो तर फाइलवर येतं. मग पंपावर कोण ठेवणार मला?"

"नाही ठेवलं तर नाही ठेवलं. घरी या."

"कारखान्यात मला नावानं कोण ओळखतं, शालू? नाकानं ओळखतात." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही.

उमामाने न तापवताच दोन वाडगे आणून त्यांच्यामध्ये ठेवले. कुणी हात लावला नाही.

"अजून एक आहे," गुरुनाथ म्हणाला.

शालिनी त्याच्याकडे वळली.

"चंदन माहितीय ना? फोनवर भाभी, भाभी करतो तो. बिहारचा, छपऱ्याचा. मागच्या महिन्यात त्याला पंपाच्या खड्ड्यात उतरायचं होतं. गॅसचा डिटेक्टर तपासणीला गेलेला. दुसरा येईपर्यंत थांबायला हवं होतं. तो म्हणाला, भैया, तुम्ही बघून सांगा. मी कडेला वाकलो, दोनदा श्वास घेतला नेहमीसारखा, आणि म्हणालो, साफ आहे, उतर."

"तुम्हाला माहीत होतं वास येत नाही ते?"

"माहीत होतं."

"तरी?"

"सगळे बघत होते," तो म्हणाला. "चार पायऱ्या उतरला आणि कोसळला. आम्ही दोराने वर काढला. चार दिवस हॉस्पिटलात होता. सगळे म्हणाले, मयेकरने बघितलं होतं, म्हणजे गॅस नंतर आला. मीही तसंच लिहून दिलं."

शालिनी त्याच्यापासून थोडी सरकली. मुद्दाम नव्हे, पण सरकली. वरच्या मजल्यावर कुठेतरी खिडकीची फळी आपटली आणि गल्ली पुन्हा गप्प झाली.

"आता कोण उतरतं तिथं?" तिने विचारलं.

"चंदनच."

"त्याची आई आहे?"

"आहे."

गुरुनाथने खिशातून फोन काढला. हात घामाने ओला होता, स्क्रीन उघडेना. त्याने तो शर्टाला पुसला आणि गिरीशला लावला. गिरीश त्याचा इंजिनियर, पुण्याचा, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान.

"बोला काका. जेद्दा कसं वाटतंय काकूंना?"

"साहेब, मला एक नोंदवायचंय," गुरुनाथ म्हणाला. त्याने गिरीशला याआधी कधी साहेब म्हटलं नव्हतं. मग त्याने ताप सांगितला, महिना सांगितला, खड्डा सांगितला, त्या कागदावर काय लिहिलं तेही सांगितलं. मध्ये कुठे थांबला नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उद्या प्लांटवर येऊ नका," गिरीश म्हणाला. आवाज बदलला होता. "सकाळी आधी मेडिकलला जा. मला हे वर कळवावं लागेल, तुम्हाला माहितीय."

"हो."

"चंदनला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

त्याने लगेच दुसरा फोन लावला. थांबलो तर होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. शालिनीला ऐकू जावं म्हणून की आपल्याला एकट्याने ऐकवणार नाही म्हणून, कोण जाणे, त्याने स्पीकर चालू केला.

"गुरु भैया!" चंदनचा आवाज गल्लीत घुमला. "भाभी को घुमा दिए? सुनिए, कल फिर वही गड्ढा है. हम तो साफ बोल दिए, मशीन अपनी जगह, पहले भैया आएँगे, सूँघेंगे, तब हम उतरेंगे."

शालिनीने डोळे मिटले.

गुरुनाथ उठून उभा राहिला, साहेबासमोर उभं राहावं तसा. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने चंदनला सगळं सांगितलं. माफ कर असंही म्हणाला, पण ते शेवटी, आणि एकदाच.



"चंदन?"

फोन चालू होता. मागे कुठेतरी टीव्ही लागलेला ऐकू येत होता. मग चंदनला खड्ड्यानंतर मागे लागलेल्या खोकल्याची उबळ आली. तो ती दाबायला बघत होता, पण दबत नव्हती. गुरुनाथ फोन हातात धरून उभा राहिला, ती थांबायची वाट बघत.