सड्यावरचा वंश

मे महिन्यात शमिका गावच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर चढली, तेव्हा तिच्या अभ्यासाचं डबकं होतं तिथं दोन पुरुष खोल खड्डा पडलेला होता. खाली जांभ्या दगडाचे चिरे कापायचं मशीन घरघरत होतं. करवंदीच्या जाळ्या लाल धुळीनं माखल्या होत्या.

शमिका रत्नागिरीतल्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवायची. गावच्या कातळावरच्या डबक्यांत राहणारे रोटिफर हा तिच्या संशोधनाचा विषय. डोळ्याला न दिसणारा हा जीव. रोटिफरच्या या प्रकारात नर नसतोच. मादीच्या अंड्यातून मादीच निघते. डबकं आटलं की हे जीव वाळून मातीत पडून राहतात, आतल्या डीएनएचे तुकडे तुकडे होतात. पाणी मिळालं की पुन्हा हलायला लागतात, तुकडे सांधतात. आणि सांधताना कधीतरी जिवाणूंची नाहीतर बुरशीची परकी जनुकंही त्यात गुंफली जातात. मग ती त्यांचीच होऊन लेकींना, नातींना मिळतात.

तिच्या डबक्यातल्या रोटिफरमध्ये बुरशीचं असं एक जनुक तिला सापडलं होतं. शेजारच्या एकाही डबक्यात ते नव्हतं. तिनं लेख पाठवला, पण परीक्षकांना पटेना. नमुन्यात बुरशीच मिसळली नसेल कशावरून? एकेक जीव वेगळा काढा, त्याची पिलावळ वाढवा, पुन्हा तपासा. आणि प्रयोगशाळेत वाढवलेले जीव तर दिवाळीच्या सुट्टीत वीज जाऊन उकाड्यानं मेले होते. आता सगळी भिस्त त्या डबक्याच्या वाळलेल्या मातीवर होती.

खड्ड्याच्या काठावर टाकलेल्या ढिगातून तिनं हाताला लागेल ती माती पिशव्यांत भरली आणि घरी उतरली. भागोजी, तिचे वडील, पडवीत कोयतीला धार लावत बसले होते.

"बाबा, सडा खाणीला कुणी दिला?"

"तुज्या काकाचा निलेश आल्ता मुंबैसून कागद घेऊन. सामायिक जमीन. मी पण सही केली."

"मला एक फोन करायचात."

"तू माती न्यायचीस तां म्हायती व्हतं. माती काय गो, सगळ्या सड्यावर हाय."

"ती त्याच डबक्यातली हवी होती."

भागोजींनी कोयती खाली ठेवली. "आडवा गेलो असतो तर पुतण्यानं बोलणं टाकलं असतं. तू एकटी पोर. उद्या मी गेलो तर आगीन कोण देल? आपला वंश थयच संपला."

"मी देईन."

भागोजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिनं काही पोरकट बोलावं तसं त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कोयती उचलली. शमिकाला वाटलं, ओरडावं. पण तिनं मातीच्या पिशव्या उचलल्या आणि ती आत गेली.

रत्नागिरीला परतून ढिगातल्या मातीला पाणी दाखवल्यावर काही रोटिफर हलले. तिनं एकेक वेगळा करून वाढवला, नमुने तपासायला पाठवले. त्यांच्यात परकी जनुकं होती, पण तिचं ते जनुक कुठंच नव्हतं. तो वंश चिऱ्यांबरोबर कापला जाऊन कुणाच्या तरी भिंतीत गेला होता.

विभागप्रमुख गुरुप्रसाद सरांचंही नाव लेखावर होतं. ते म्हणाले, "पहिल्याच वेळचे आकडे थोडे फिरवून पुन्हा पाठवा. तपासायला येणार कोण? जागाच राहिली नाही."

"म्हणूनच नको, सर."

तिनं जागा नष्ट झाल्याचं आणि निष्कर्ष पडताळता येत नसल्याचं कळवून लेख मागे घेतला. जूनमध्ये सरांनी नजर न उचलता सांगितलं, यंदा तासिका कमी आहेत, तुम्हाला देता येणार नाहीत.

ती सामान घेऊन गावी परतली. भागोजींनी पेज काढून ठेवली होती.

"झालां तुजां काम?" त्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि पाटावर बसली. सड्यावर चिरे कापायचं मशीन पुन्हा घरघरायला लागलं. दोघांनीही मान वर केली नाही.