चायनाची कॅन

गोठ्याला लागून असलेल्या खोलीत औषधाचे अकरा डबे होते. सहा रिकामे, तीन सीलबंद, एकात तळाशी बोटभर. अकरावी कॅन पाच लिटरची, पांढरी, साडेतीन लिटरपर्यंत भरलेली, आणि तिच्यात ठिबकच्या काळ्या नळीचा दीड हात तुकडा अजून तसाच. बाकीच्या दहांवर मराठी किंवा इंग्रजी होतं. या कॅनीवर फक्त चिनी.

त्याच नळीनं सकाळी साडेनऊला माझ्या मोठ्या भावानं, आदिनाथनं, औषध तोंडानं ओढलं होतं. आमच्याकडं सगळे तसंच करतात. कॅन फवारणीच्या पंपावर वाकडी केली की सांडते, म्हणून नळी घालायची, एक दम ओढायचा, धार आली की तोंड बाजूला घ्यायचं. त्या दिवशी त्याला उशीर झाला. बरंचसं थुंकला, पण घोटभर पोटात गेलं.

मी लातूरला रसायनशास्त्रात एमएस्सी करून महिन्यापूर्वीच गावी आले होते. त्याला विचारलं, "दादा, कोणतं औषध होतं?"

"अळीचं. गेल्या साली आणलेलं, चायनाचं. तोंड लई जळून राहिलंय, उज्वी."

भोकरचा दवाखाना अठरा किलोमीटर. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये आई मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पुढं, पायात कॅन धरून. दवाखान्यात डॉक्टर धम्मप्रियांनी सगळ्यात आधी तेच विचारलं.

"काय गेलंय पोटात? नाव पाहिजे मला."

मी फोनचा कॅमेरा लेबलावर धरला. लेबल उन्हानं फिकं पडलं होतं, एक कोपरा फाटला होता. चिनी अक्षरांवर मराठी शब्द उमटायचे आणि हात जरा हलला की बदलायचे. 'विष मरा गोचीड.' 'मेलेली विषारी गोचीड.' त्याखाली '४८० ग्रॅम/लिटर'. त्याच्याखाली 'दूध तेल'. मी ते मोठ्यानं वाचत होते.

आदिनाथ खाटेवर उठून बसला. "गोचीड? मी काय गोचीड हाय का?"

"गप बस ना, दादा."

"आन दूध कशाचं? देवणी गाईचं का म्हशीचं?" तो हसला, आणि हसता हसताच त्याला उलटी झाली.

मी सरळ उजेडात नऊ फोटो काढले आणि एकेक तपासला. सातांमध्ये तेच शब्द आले. मग नाव शोधलं. गोचीड मारणारं विष म्हणजे क्लोरपायरिफॉस, त्याचं चिनी नावच तसं आहे. दूध तेल म्हणजे पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं द्रावण. ४८० चा आकडाही जुळला. तीन वेगवेगळ्या खुणा एकाच उत्तरावर आल्या होत्या. त्या क्षणी मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं.

आई दाराशी उभी होती. "उज्वले, आगं त्या कॅनीत..."

"आई, थांब जरा. वाचू दे."

ती थांबली.

डॉक्टरांनी आदिनाथच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "बाहुल्या लहान झालेल्या नाहीत. घाम नाही, लाळ नाही. मला हे कीटकनाशक वाटत नाही."

"मॅडम, हे शरीरात गेल्यावर आधी बदलतं, मग विषारी होतं," मी म्हणाले. "लक्षणं उशिरा येऊ शकतात. हे बघा, नऊ फोटो."

त्यांनी नऊही फोटो पाहिले. मग त्याला विचारलं, "तूपण अळीचंच म्हणतोस ना?"

"हाव, मॅडम. मीच आणलं होतं ते."

पोट धुतलं. सलाईन लावली, मी सांगितलेल्या विषावरची इंजेक्शनं सुरू झाली, नाकाला ऑक्सिजन लावला. आईनं खाटेचा पाय धरून ठेवला होता. सोड म्हटलं तरी सोडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या जिभेची साल निघायला लागली. चोवीस तासांत लघवी झाली फक्त दोनशे ऐंशी मिलिलिटर. डॉक्टर मला बाहेर घेऊन आल्या.

"मूत्रपिंडं बंद पडताहेत. तू सांगितलेल्या औषधानं असं होत नाही. कॅनीत दुसरं काही होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "लेबल..."

"तणाचं होतं की," आई मागून म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडं वळलो.

"मिरगात आणलेलं. देविदास भावजींनी आन आपण मिळून दहा लिटरचा डबा घेतला, निम्मं निम्मं. आपलं निम्मं आणायला भांडं नव्हतं. चायनाची कॅन रिकामी झाली होती, झाकण घट्ट होतं तिचं. तिच्यात ओतून आणलं मी."

"दादाला माहीत नव्हतं?"

"तो तवा लग्नाला गेला होता उदगीरला."

"मग काल का नाही सांगितलंस, आई?"

"तू फोन धरला होता ना कॅनीला." ती माझ्या हातातल्या फोनकडं बघत होती. "मला वाटलं, फोनाला आतलं दिसतं. फोन सांगून राहिला, तू डॉक्टरीणबाईला सांगून राहिलीस. म्हटलं, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत असंल."

कॅन खाटेखालीच होती. मी ग्लासभर पाणी घेतलं आणि नळीनं चार थेंब टाकले. पाणी पांढरं झालं नाही. किंचित हिरवट झालं, आणि ग्लासाच्या पलीकडची भिंत स्पष्ट दिसत राहिली. याला चाळीस सेकंद लागले. आदल्या दिवशीही हा ग्लास याच टेबलावर होता.

त्याच संध्याकाळी नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या लघवीच्या नमुन्यात दोन पावडरी टाकल्या. नमुना गडद निळा झाला. त्यांनी तणनाशकाचं नाव सांगितलं, पॅराक्वाट, आणि लगेच विचारलं, "ऑक्सिजन लावला होता का?"

"हो."

"किती वेळ?"

"तीस तास."

त्यांनी स्वतः जाऊन नळी काढली. "या विषात ऑक्सिजननं फुप्फुसं लवकर जातात. अगदीच इलाज उरला नाही तरच लावायचा. याला उतारा नाही, ताई. पहिल्या दोन-तीन तासांत कळलं असतं तर काही तरी करून बघता आलं असतं."

आईला यातलं काय समजलं, मला माहीत नाही. त्याच्या बोटाला लावलेल्या मशीनकडं बघत ती विचारायची, "मशीन काय म्हणून राहिलं?" मी सांगायचे, "बरं आहे." मग ती विचारायची, "आतलं दिसतं का या मशीनला?" मी म्हणायचे, "हो."

चौथ्या दिवशी आदिनाथनं मला जवळ बोलावलं. जिभेमुळं शब्द नीट येत नव्हते.

"आईला काही बोलली का?"

"नाही."

"बोलू नको." दोन श्वास घेऊन तो पुढं म्हणाला, "तूबी सोताला बोल लावू नको. मीच म्हणलो ना अळीचं."

"दादा, बोलू नकोस. दम लागतोय."

"लई शिकली तू," तो म्हणाला. टोमणा होता का, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पाचव्या दिवशी मी त्याच्या बोटावरच्या मशीनचे, रक्तातल्या ऑक्सिजनचे, आकडे वहीत लिहिले. सकाळी आठला ९१. बाराला ८४. चारला ७६. साडेचारला ऑक्सिजन सुरू केला. सहाला, ऑक्सिजन लावून, ७१.