आधी वाढतो, मग विचारतो

मी 'रिपीट' बोलतोय. पास्कल नावाच्या संगणकाच्या भाषेतला एक शब्द. जन्म परदेशातला, पण उमेदीची वर्षं गेली जिंतूरच्या एका संगणक वर्गात. तिथे चपला दाराबाहेर काढायच्या आणि दसऱ्याला यंत्राला हळदीकुंकू वाहायचं.

माझं नावच फसवं. 'रिपीट' म्हणजे पुन्हा कर, असं शिकवतात. पण पहिल्यांदा कोण करतं? तेही मीच, कुणाला न विचारता. थांबायचं का, हे विचारणारा 'अन्टिल' माझ्या शेवटाला बसलेला. माझा भाऊ 'व्हाइल' मात्र दारातच विचारतो, काम आहे का? नसेल तर उंबरा ओलांडत नाही.

तिथे शिकायला येणाऱ्या गीताबाईचा जीव माझ्यावर. बारावी शिकलेली, चारठाण्याची सून. घरी ती आधी ताटात वाढायची, मग 'बस का' म्हणायची. मीही तसाच.

ब्याण्णव साली कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगला संगणकावर माणूस हवा होता. नवरा आश्रुबा म्हणाला होता, "तुला घेतलं तर औंदा कोयता माळ्यावर टाकू. न्हाई तर ऊसतोडीला जायचंच हाय."

परीक्षा घ्यायला जिनिंगचे साहेब आमच्याच वर्गात आले. शेतकऱ्याच्या जेवढ्या कापसाच्या गाड्या, तेवढ्या पावत्या छापायच्या. गीताबाईनं मलाच घेतलं. तीन गाड्यांच्या तीन पावत्या निघाल्या. ती हसली. मला मात्र पुढचं दिसत होतं. साहेब शून्य टाकून बघणार, आणि गाडीच न आणलेल्याची पावती मी छापणार! ओरडावं तर मला तोंड नाही. त्यात दिवे लुकलुकायला लागले.

"पाच मिनिटं राहिली," साहेब म्हणाले.

बाहेर ओसरीवर तिची सासू धुरपताबाई जपमाळ घेऊन बसली होती. शिपाई मुंजाजीनं तिच्या हातात पोह्यांची बशी ठेवली.

"आरं बाबा, संकष्टी हाय आज माजी."

"आता घेतलीच बशी, तर खा की मावशी."

"आदी इचारावं, मग द्यावं. तू बी आमच्या सुनंसारकाच दिसायलास."

खिडकीतून ते ऐकलं आणि गीताबाईची बोटं थबकली. तिनं स्वतःच शून्य टाकलं. कर्रकर्र करत एक पावती बाहेर आली.

मग तिनं मला पुसलं, शेवटच्या अक्षरापासून एकेक करत. माझ्या जागी 'व्हाइल' आला. साहेबांनी शून्य दाबलं. छपाईयंत्र गप्प राहिलं. पुसला गेलो, तरी त्या शांततेनं माझा जीव भांड्यात पडला.

कोयता माळ्यावर गेला. आता जिनिंगवर गीताबाईनं मला वेगळं काम दिलंय. येणाऱ्याला त्याचं नाव विचारायचं. चुकीचं लिहिलं तर पुन्हा विचारायचं. ते एकदा तरी विचारावंच लागतं. न विचारणाऱ्याच्या नशिबी विचारायचं काम आलं!

बायांनो, बाबांनो, मला टाकून देऊ नका. उपासाच्या ताटापाशी तेवढं नेऊ नका. देवापुढचा दिवा न विचारता लावतात ना, तशा कामाला मला बोलवा.