मल्हारी, लेव्हल बारा

उज्वलाबाई दुपारी ऑनलाइन शिकवण्या घेतात, असं सोमनाथरावांनी सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं होतं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. दुपारी जेवून आडवा झाला, की आतल्या खोलीतून बायकोचा आवाज यायचा. "गोरक्ष, मागे हो! तरन्नुम, लक्ष कुठंय तुझं? दत्तू, एकट्याने पुढे जायचं नाही, कितीदा सांगायचं?" बत्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकल्यावर माणसाने दुसरं काय समजावं? समोरच्या बिल्डिंगमधल्या एका आईने तर "आमच्या सोहमला घ्याल का?" म्हणून विचारलंही. सोमनाथराव म्हणाले, "बॅच फुल दिसते."

बॅच खरोखरच फुल होती. फक्त ती एका गेममध्ये होती.

सुरुवात त्यांच्या मुलीने, सायलीने करून दिली. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ती कंप्युटर घरीच ठेवून गेली आणि दारातून म्हणाली, "आई, रोज एकदा गेम उघडून फक्त हजेरीचं बटण दाब. सलग शंभर दिवस झाले की मला घोडा मिळतो." हजेरी म्हटल्यावर नाही म्हणणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. पहिले आठ दिवस त्यांनी फक्त बटण दाबलं. नवव्या दिवशी त्यांच्या मनात आलं, की हा सायलीचा तलवारवाला एवढा धडधाकट गडी, आणि दिवसभर झाडाखाली रिकामा उभा. रिकामं उभं राहिलेलं पोर बाईंना बघवत नसे. त्यांनी त्याला जरा चालवला. मग जरा पळवला. महिन्याभरात त्यांनी स्वतःची चार पात्रं काढली.

एकाच खात्यात चौघांना कोंबणं त्यांना पटलं नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. पहिल्या पात्राचं नाव विचारलं तेव्हा बोटांनी आपोआप टाइप केलं: दत्तू. मग गोरक्ष, तरन्नुम आणि मल्हारी. वीस वर्षांपूर्वीच्या आठवी ब मधली ही चार नावं. त्या वर्षी त्यांच्या वर्गात चौघंच नापास झाले होते, आणि चौघांच्याही प्रगतिपुस्तकावर सही करताना बाईंचा हात जड झाला होता. आता इथे ना मुख्याध्यापक आडवे येणार होते, ना पोर्शन संपवायची घाई होती. या खेपेला चौघांना वर काढायचंच, असं त्यांनी ठरवलं.

ठरवलं म्हणजे त्यांच्या पद्धतीने ठरवलं. कंप्युटरच्या मागच्या भिंतीवर ड्रॉइंग पेपर चिकटला. वार्षिक नियोजन. दत्तू, धनुर्धर: लेव्हल एकावन्न, उगाच भांडण ओढवून घेऊ नये. गोरक्ष, तलवारबाज: श्रावणाआधी पंचेचाळीस, फावल्या वेळात मासेमारी. तरन्नुम, जादूगार: बेचाळीस, आगीचा गोळा नेम धरून टाकावा. आणि सगळ्यात खाली: मल्हारी, हीलर: लेव्हल बारा, पुढील सत्रात पाहू.

हीलर म्हणजे दुसऱ्यांच्या जखमा भरून काढणारा. त्याच्या हातात एक बारकी छडी. एकट्याने लढायला काढला तर एका रानडुकराला पाच मिनिटं घेणार. म्हणून बाईंनी त्याला एका विहिरीपाशी बसवून ठेवला होता.

जूनमध्ये नेट सारखं जायला लागलं. तक्रार केल्यावर खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला, पस्तिशीकडे झुकलेला एक माणूस आला. बाईंना बघताच पिशवी खाली ठेवून तो वाकला.

"बाई, मी मल्हारी गांगुर्डे. आठवी ब."

"अरे मल्हारी!" बाईंना इतका आनंद झाला, की त्या त्याला हाताला धरून थेट आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर काय लावलंय ते त्यांना आठवलं तोवर उशीर झाला होता.

मल्हारीने तक्ता वरून खालपर्यंत वाचला. मग खालून वर वाचला.

"हे आम्हीच का, बाई?"

"गेम आहे रे. नावं सुचत नव्हती, म्हणून..."

"दत्तू एकावन्न?"

"तो जरा चपळ आहे."

"गोऱ्या पंचेचाळीस! आणि मी बारा." मल्हारीने राउटर हातात घेतला आणि त्याच्याकडेच बघत बोलला. "शाळेतपण बाई, तुम्ही माझी वही शेवटी तपासायच्या. घंटा व्हायची आणि तुम्ही म्हणायच्या, मल्हारी, उद्या बघू."

त्याने वायर बदलली, खाली जाऊन जिन्यातला वायरींचा डबा तपासला, नेट सुरू करून दिलं आणि चहा न घेता निघून गेला.

त्या दुपारी आतून काहीच आवाज आला नाही. सोमनाथरावांनी डोकावून विचारलं, "आज सुट्टी दिली का पोरांना?"

"झोपा तुम्ही," बाई म्हणाल्या.

त्यांनी मल्हारीला विहिरीवरून उठवला आणि रानात नेला. रानडुकराने त्याला लोळवलं. पुन्हा नेला. पुन्हा लोळवलं. चौथ्यांदा तर एका बदकानेच त्याचं काम तमाम केलं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी बाईंनी तक्रारीच्या नंबरवर फोन न करता मल्हारीचा स्वतःचा नंबर शोधून काढला.

"नेट गेलं का, बाई?"

"नेट छान आहे. मल्हारी, मला तू जमत नाहीयेस. येऊन बघतोस का?"

"दुपारच्या सुट्टीत येतो," तो म्हणाला.

तो डबा घेऊनच आला. एका हाताने पोळीभाजी, दुसऱ्या हाताने माऊस. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पहिल्याच दिवशी त्याने एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली. "बाई, तुम्ही त्याला मारायला लावताय. तो मारणारा नाहीच आहे. त्याला टिकायला शिकवलं पाहिजे." त्याने डुकराला छडी मारली, मार खाल्ला, जखम भरली, पुन्हा छडी मारली. पाच मिनिटांचं काम सात मिनिटांत झालं, पण मल्हारी मेला नाही. लेव्हल तेरा झाली तेव्हा बाईंनी टाळी वाजवली आणि लोणच्याची बरणी पुढे केली.

त्याने स्वतःच उठून तक्त्यावर आपल्या नावापुढचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: पोळ्याच्या आधी चाळीस. मग फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून बाईंचा फोन थंड होईना.

पहिला फोन गोरक्षचा. तो सुरगाण्याला जीप चालवत होता, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "बाई, मला मासे धराया कशाला लावलं? हितं आमच्या नदीला काय कमी हायेत? मला घोडा घ्या."

"आधी पंचेचाळीस पूर्ण कर."

"आवो, ते तुमच्याच हातात हाय ना!"

देवळाली गावात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या तरन्नुमची चौकशी वेगळी होती. "बाई, ती माझी जादूगार कपडे कसले घालते? फोटो पाठवा." बाईंनी पाठवला. लगेच उत्तर आलं. "तोबा! हा राखाडी झगा? एखादा बरा रंग घ्या. आणि केस बांधा तिचे, आग पेटवते ना ती?"

दत्तूचा तेवढा फोन आला नाही. कुणी म्हणालं तो सिल्वासाला कंपनीत आहे, कुणी म्हणालं कुवेतला. ग्रुपवरही तो नव्हता.

मल्हारी रोज यायचा. कॉलनीत बोलणं सुरू झालं, की नेटवाल्याला शोधायचं असेल तर बाईंच्या घरी बघा. पोळ्याला चार दिवस असताना त्याने चाळीस गाठली. आता गेममधली, चौघांनी मिळूनच जायची एक दगडी गुहा तेवढी राहिली होती. आत एक दगडी राक्षस होता. बाई त्याला दगड्या म्हणत. एकट्या माणसाला चार पात्रं एका वेळी खेळवता येत नाहीत, म्हणून बाईंनी ती गुहा वर्षभर लांबणीवर टाकली होती.

"चौघं म्हणजे आम्ही येतोच की," मल्हारी म्हणाला.

रविवारी सकाळी दहाला वर्ग भरला. गोरक्षने जीप खाली लावली आणि पाच किलो नागलीचं पीठ स्वयंपाकघरात ठेवलं. तरन्नुम स्वतःचा लॅपटॉप आणि शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली. मल्हारीने दोन लॅपटॉप जमवले होते. दत्तूची जागा रिकामी होती, तिथे बाई बसल्या. त्यांनी पट्टी घेऊन, तक्त्याशेजारी नव्याने लावलेल्या गुहेच्या नकाशावर समजावून सांगितलं. "आत शिरायचं. भिंतीलगत उभं राहायचं. मी तीन म्हणेपर्यंत कुणी हात उचलायचा नाही. गोरक्ष, ऐकलंस का?"

"ऐकलं, बाई."

चौघं आत शिरले आणि भिंतीलगत उभे राहिले. दगड्या घोरत होता. तेवढ्यात बाईंच्या डोक्यावरून एक वटवाघूळ गेलं. बाण सुटला. वटवाघूळ चुकलं आणि बाण दगड्याच्या नाकावर लागला.

अर्ध्या मिनिटात चौघंही जमिनीवर होते.

"बाई!" तरन्नुम ओरडली. "तुम्हीच?"

"माझा हात लागला," बाई म्हणाल्या.

"आगदी हेच म्हणायचा दत्तू," गोरक्ष म्हणाला. "आन तुम्ही त्याला बाकावर उभं करायच्या."

बाई लाल झाल्या. बत्तीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. "चुकलं माझं," त्या हळूच म्हणाल्या, आणि तिघं एकमेकांकडे बघून इतके हसले, की शेवटी त्यांनाही हसू फुटलं.

दुसऱ्या खेपेला गोरक्ष आतल्या डबक्यापाशी मासे धरत थांबला. "तुम्हीच सवय लावली," असं त्याचं म्हणणं. तरन्नुमने टाकलेला आगीचा गोळा त्याच्याच पाठीवर पडला, तो चुकून की मुद्दाम, हे कळलं नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं जमून आलं. गोरक्षने वार अंगावर घेतले, तरन्नुमने गोळे टाकले, बाईंनी तोंडाने आकडे मोजत बाण सोडले, आणि मल्हारी मागे उभा राहून सगळ्यांच्या जखमा भरत राहिला. दगड्याचा जीव दहाव्या हिश्श्यावर आला. मग तो चिडला. त्याने पाय आपटला आणि वरून शिळा कोसळल्या. गोरक्ष गेला. तरन्नुम गेली. बाई तर आधीच गेल्या होत्या, कारण त्या पुन्हा पुढे धावल्या होत्या.

मल्हारी एकटा उरला. हातात छडी.

"झालं," गोरक्ष म्हणाला. "पुन्यांदा चला."

"थांब," मल्हारी म्हणाला. तो स्क्रीनवरून नजर काढत नव्हता. त्याने दगड्याला छडी मारली. दगड्याने त्याला ठोसा मारला. त्याने जखम भरली. पुन्हा छडी. पुन्हा ठोसा. दगड्याच्या जिवाचा एक केसभर तुकडा कमी झाला.

पाच मिनिटं झाली. दहा मिनिटं झाली. तरन्नुम शिरखुर्मा वाढायला उठली. गोरक्ष खाली जाऊन जीप सावलीत लावून आला. "आजून चालूच हाय?"

"बोलू नकोस त्याच्याशी," बाई कुजबुजल्या. त्या मल्हारीच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून.

मल्हारीचा फोन खिशात थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. त्याच्या कपाळावरचा घाम बाईंनी पदराने टिपला. तेवढ्यात पडद्याआडून सोमनाथराव आले. खोलीत तीन मोठी माणसं, चार स्क्रीन, आणि मध्यभागी दगडाचा राक्षस एका छडीवाल्याला बदडतोय.

"ही शिकवणी आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रात्यक्षिक," बाई मागे न बघता म्हणाल्या.

तेविसाव्या मिनिटाला मल्हारीने छडी मारली आणि दगड्या क्षणभर तसाच उभा राहिला, मग खळखळ करत खाली आला. खोलीत असा आरडाओरडा झाला, की सोमनाथरावांनी आधी पाणी आणलं, मग पंखा लावला, मग बायकोचा हात धरला. गोरक्षने मल्हारीला खुर्चीसकट उचललं. बाईंनी त्याच्या पाठीवर एक जोरदार थाप दिली आणि डोळे पुसले.

गुहेच्या मध्यभागी बक्षिसाची पेटी उघडली. आत सोन्याचं धनुष्य होतं.

"कुणाला चालतं हे?" तरन्नुमने विचारलं.

"धनुर्धराला." मल्हारीने वाचून सांगितलं. "म्हणजे दत्तूला."

"आला न्हाय, गेला न्हाय, आन बक्षीस त्यालाच!" गोरक्षने कपाळावर हात मारला. "बाई, हा अन्याव हाय."

"मी बदलून देते," बाई घाईने म्हणाल्या. "बाजारात देऊन मल्हारीला चांगली छडी..."

"नको, बाई. राहू द्या," मल्हारी म्हणाला. "सापडला की देऊ त्याला. माझी छडी चांगली आहे."

मग त्याने फोन बाहेर काढला. बाईंची लाइन चालू होती, पण उरलेल्या अर्ध्या कॉलनीचं नेट सकाळपासून बंद होतं. चौतीस मिस्ड कॉल. पस्तिसावा तेवढ्यात वाजला. मल्हारीने घसा साफ केला आणि शांतपणे उचलला.

"हो साहेब. हो हो. लाइनवरच आहे सकाळपासून, फार मोठा फॉल्ट होता. आत्ताच क्लिअर केला बघा."

शाळेत खोटं बोलणाऱ्याला उज्वलाबाई दोन तास उभं करत. त्यांनी मल्हारीकडे बघितलं, तरन्नुमच्या हातून डबा घेतला आणि त्याच्या वाटीत आणखी एक पळी शिरखुर्मा वाढला.