यातना या शब्दाचं मूळ

आईचं लुगडं धुवायला टाकताना पंकजने पदराची गाठ सोडली, तर आत सुपारी नव्हती. मॉर्फिनच्या अकरा गोळ्या होत्या.

तो तसाच खाटेपाशी गेला. आईचा, आक्काबाईचा, कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलताना ती पदर तोंडात कोंबायची, आणि औषध लागू पडत नाही म्हणून तो कालच पारनेरच्या डॉक्टरांशी भांडून आला होता.

"आई, गोळ्या का नाही घेतल्या?"

"तूच म्हनलास ना, फेडायचं असतं म्हनून."

पंकजला आठवलं आणि स्वतःच्या जिभेची लाज वाटली. तो हायस्कुलात मराठी शिकवायचा. शब्द दिसला की त्याचं मूळ उकरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आठवड्यापूर्वी आलेली नर्स सहज म्हणाली, फार यातना होतात हो यांना. झालं! मास्तर सुरू झाले: यातना शब्द संस्कृतातला, मुळात परतफेड, केल्याबद्दल भोगायची शिक्षा. खाटेवरचं माणूस ऐकतंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अगं, ते हजारो वर्षांपूर्वीचं. आणि तू कुणाचं काय वाईट केलंयस?"

आक्काबाईने नजर छताच्या पत्र्याकडे वळवली.

"तुज्या आदी एक पोरगी हुती. राहुरीकडं ऊस तोडायला गेल्तो. पाचटाच्या कोपीत तापानं फनफनली हुती. तेवढ्यात उसाची गाडी आली. गाडी आली की भरावीच लागती. म्हनलं, एवढ्या मोळ्या चढिवते आन् जाते. गाडीच्या फळीवरनं उतरून आले, तवा गार पडली हुती."

"ती तापाने गेली, आई."

"पानी तरी पाजाया पायजे हुतं."

पंकजने विचारलं,

"नाव काय होतं तिचं?"

"ठिवायचंच राह्यलं. गावी आल्यावर विहारात ठिवनार हुतो."

कळ आली. तिने डोळे घट्ट मिटले. पंकज तिचा हात धरून बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कळ ओसरल्यावर ती म्हणाली,

"तुला एवढे शबुद येत्यात. एक नाव ठिव तिला. मग घेते गोळी."

पंकजने कितीतरी शब्द मनात उलटेपालटे केले.

"पंकजा," शेवटी तो म्हणाला.

आक्काबाईने ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं.

"अर्थ काय त्याचा?"

"तुझी लेक."

तिने तोंड उघडलं. पंकजने गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला.