गाठीचा ‘ज’

गुणवंतने जुन्या मोडी पत्राची छायाप्रत खिडकीशी नेली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“शके सोळाशे नव्वद, म्हणजे सतराशे अडुसष्ट. आणि हा बघा मॅडम, गाठीचा ‘ज’.”

सुमित्राबाईंनी मान हलवली. फरीदाबादच्या मेट्रोत बसल्यापासून मांडीवर धरलेली पर्स त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी गुणवंतने प्रबंधात एक रोजनिशी अठराव्या शतकातली असल्याचं मांडलं होतं. अक्षराच्या वळणावरून काळ सांगणाऱ्या तज्ज्ञ म्हणून विद्यापीठाने सुमित्राबाईंचं मत मागवलं. त्या रोजनिशीत होता तसा गाठीचा ‘ज’ १८२०च्या आधी कुणी लिहीतच नव्हतं, असं त्यांच्या नुकत्याच आलेल्या पुस्तकात होतं. तेच त्यांनी कळवलं. प्रबंध फेटाळला गेला. गुणवंत इथल्या नटबोल्टच्या कारखान्यात चिकटला, तो कायमचाच.

“विद्यापीठाला उद्या हे देणार आहे,” त्यांनी टाईप केलेला कागद पुढे केला. “आधी तू वाच.”

“‘नव्याने मिळालेल्या पत्रावरून माझे तेव्हाचे मत चुकीचे ठरते...’” पुढे त्याला वाचवेना. त्याची बायको कृतिका चहा घेऊन आली, तिला तो म्हणाला, “बघ, मॅडम स्वतः आल्या. ह्या वयात.”

“एवढं कोण करतं,” कृतिका म्हणाली.

“मी केव्हाच सोडून दिलं होतं. ह्या शोधत राहिल्या.”

सुमित्राबाईंनी कपाला हात लावला नाही. ते पत्र त्यांनी मत कळवल्यावर तिसऱ्याच आठवड्यात वाचलं होतं. दोनदा. मग दप्तरखान्यातल्या कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी सारलं होतं. पुढच्या महिन्यात तो गठ्ठा स्कॅनिंगला जाणार होता, मग ते पत्र कुणालाही दिसलं असतं; म्हणून त्या आज इथे होत्या.

“पेन आहे का?”

कृतिकाने टीव्हीजवळचं पेन दिलं. सुमित्राबाईंनी ‘नव्याने मिळालेल्या’ हे शब्द एका रेघेने खोडले आणि वर लिहिलं, ‘त्याच महिन्यात मी पाहिलेल्या’. कागद गुणवंतकडे वळवला.

चार शब्द. त्याला ते वाचायला फार वेळ लागला.

“चहा गार झाला तुमचा,” कृतिका म्हणाली. “दुसरा टाकते.”

“नको,” कागदावरून नजर न काढता गुणवंत म्हणाला. “मॅडम निघतायत.”